मुलांमधील गंभीर डेंग्यू आणि स्टेम सेल उपचार: पालकांनी काय समजून घ्यावे?

डेंग्यू झालेल्या मुलाच्या प्लेटलेट घसरू लागल्या की घरातले सगळेच घाबरून जातात. "जन्माच्या वेळी नाळेतील रक्त बँकेत ठेवले आहे, ते आता उपयोगी पडेल का?" किंवा "डेंग्यूवर स्टेम सेलचा उपचार निघाला आहे म्हणे, खरे आहे का?" असे प्रश्न तेव्हा पालक विचारतात. थोडक्यात उत्तर असे: डेंग्यूसाठी स्टेम सेल हा आज सिद्ध झालेला उपचार नाही. मुलाचा जीव वाचतो तो वेळेवर ओळखलेल्या धोक्याच्या लक्षणांमुळे आणि नीट दिलेल्या सलाईनमुळे.

मुलांमध्ये डेंग्यू गंभीर कधी होतो?

डेंग्यूचा ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो. खरा धोका बहुधा ताप उतरताना, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान असतो. या काळात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधून रक्तातील पातळ द्रव बाहेर झिरपतो आणि पोटात किंवा छातीत साचतो. रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो आणि मूल शॉकमध्ये जाऊ शकते. काही मुलांमध्ये यकृताला सूज येते किंवा रक्तस्राव होतो.

द्रव झिरपण्याचा हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो. तो सांभाळून नेला की बहुतेक मुले झपाट्याने सुधारतात आणि प्लेटलेटही आपोआप वाढतात.

स्टेम सेलचा विचार का झाला?

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. त्यांच्यापासून शरीरातील इतर पेशी तयार होतात. अस्थिमज्जेतील मूळ पेशींपासून रक्तपेशी आणि प्लेटलेट बनतात. काही मूळ पेशी सूज कमी करणारे घटकही सोडतात. गंभीर डेंग्यूमध्ये मज्जेचे काम काही काळ मंदावते आणि शरीराची विषाणूविरुद्धची प्रतिक्रिया हाताबाहेर जाते. म्हणून या पेशींचा उपयोग होईल का, असा प्रश्न संशोधकांना पडला.

डेंग्यूची लागण केलेल्या उंदरांना मूळ पेशी दिल्यावर यकृताची इजा कमी झाल्याचे प्रयोगात दिसले आहे. ही उत्साहवर्धक सुरुवात आहे. पण उंदराला माणसासारखा डेंग्यू होत नाही. शिवाय उंदरात चाललेले अनेक उपचार पुढे माणसांत निरुपयोगी ठरले आहेत. लहान मुलांमध्ये हा उपचार सुरक्षित आणि उपयोगी आहे, असे दाखवणारा भक्कम पुरावा आज नाही.

साठवलेले नाळेचे रक्त वापरता येईल का?

नाही. रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारात मूळ पेशींचे प्रत्यारोपण करतात, तेव्हा सहसा आधी तीव्र औषधांनी आजारी मज्जा काढून टाकावी लागते. त्यानंतर नव्या पेशी रुजून प्लेटलेट बनायला काही आठवडे जातात. डेंग्यूमध्ये मज्जा कायमची बिघडलेली नसते आणि धोक्याचा काळ तर एक-दोन दिवसांचाच असतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांतील मान्य प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर केवळ मान्यताप्राप्त संशोधनातच व्हायला हवा.

मग उपचार काय?

- मुलाच्या वजनानुसार मोजून सलाईन. कमी पडले तर शॉक, जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी. म्हणून दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, लघवी आणि हिमॅटोक्रिट तपासतात.
- तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन देऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.
- प्लेटलेटचा आकडा कमी आहे एवढ्यावरून प्लेटलेट चढवण्याची गरज सहसा नसते. लक्षणीय रक्तस्राव असेल तर डॉक्टर तसा निर्णय घेतात.

योग्य उपचार वेळेत मिळाले तर गंभीर डेंग्यूतही मृत्यूचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी ठेवता येते.

यातले काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा

- पोटात खूप किंवा सतत दुखणे
- वारंवार उलट्या, पाणीही न टिकणे
- नाक, हिरड्यांतून रक्त. काळी शी किंवा रक्ताची उलटी
- मूल सुस्त पडणे किंवा विनाकारण फार चिडचिड करणे
- हातपाय गार पडणे, श्वास जोरात चालणे
- ४ ते ६ तास लघवी न होणे

ताप उतरला आणि मूल मात्र जास्तच मलूल झाले, तर "आता बरे वाटेल" म्हणून घरी थांबू नका.

कोणी स्टेम सेल उपचार सुचवला तर विचारा

- हा उपचार आहे की संशोधन? संशोधन असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत त्याचा क्रमांक काय?
- नैतिक समितीची मान्यता आणि लेखी संमतिपत्र आहे का?
- पैसे का मागता? प्रायोगिक उपचाराचा खर्च सहभागी कुटुंबावर टाकायचा नसतो.

उत्तरे गोलमोल मिळाली तर नकार द्या. त्याच्यासाठी मुलाला चालू उपचारांतून हलवू नका. त्या एक-दोन दिवसांत वाया गेलेले तास पैशांपेक्षा फार महाग पडतात. शंका असेल तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांचे मत जरूर घ्या, पण सलाईन आणि देखरेख चालू ठेवूनच.