बलुत्याची भाकर, रेशनचा भात

आपल्या आत्मकथनांनी भूक लिहिली. शिळ्या तुकड्यांची टोपली लिहिली, मेलेल्या ढोराची वाटणी लिहिली. पण धान्याचा इतिहास आपण अजून नीट लिहिलेला नाही. कोणत्या काळी कोणते धान्य आपल्या ताटात पडले, ते कोणी ठरवले आणि ते खाऊन आपल्या हाडामांसाचे काय झाले, हे विचारण्याची वेळ आता तांदळातल्या सोमलाने आणली आहे. सोमल म्हणजे आर्सेनिक. कथा-कादंबऱ्यांतून एका घोटात माणूस मारणारे हे विष भातातून येते तेव्हा कणाकणाने येते आणि त्याचा हिशेब वर्षांनी कळतो.

पन्हाळा तालुक्यातले कोडोली हे वारणाकाठचे मोठे गाव. पश्चिमेला पन्हाळा-शाहूवाडीचे डोंगर, तिथे भात, नाचणी आणि वरी. पूर्वेला पाऊस कमी होत जातो, तिथे जोंधळा. म्हणजे दोन धान्यांच्या शिवेवरचा हा मुलूख. पण महारवाड्याला या शिवेचे काय? खळ्यावर मळणी झाली की बलुतेदाराने उभे राहायचे आणि मालकाने घालील ते पदरात घ्यायचे. येसकराच्या टोपलीत दहा घरच्या दहा भाकरी. कुठली जोंधळ्याची, कुठली नाचणीची, कुठली कालची. निवड हा शब्दच त्या व्यवस्थेत नव्हता. भात तर सणासुदीचा. तो पिकवायला चिखलात उभी राहणारी बाई आपली आणि वाफाळलेला भात वाड्यातला.

राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापूर संस्थानातले महार वतन मोडले आणि वतनी जमिनी रयतावा केल्या. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. बलुत्याच्या धान्याऐवजी रोख पैसा मिळावा, ही त्यातली एक मागणी. आपले अभ्यासक हा मुद्दा आर्थिक म्हणून सोडून देतात. माझ्या मते तो ताटाचाही आहे. ज्याच्या हातात पैसा, तो दुकानात बोट दाखवून धान्य मागू शकतो. मुंबई राज्यातली उरलीसुरली कनिष्ठ ग्रामवतने 1958 च्या कायद्याने गेली. रिवाज मात्र त्यानंतरही रेंगाळला.

वतन गेले आणि दुकान आले. पण दुकानातही बोट दाखवता येत नव्हते. अमेरिकेचा पी. एल. 480 हा कायदा 1954 चा. त्याच्या जहाजांतून गहू आला, तांबडा मिलो आला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळाली. गावच्या खळ्यावरचा मालक बदलून सातासमुद्रापलीकडचा झाला, एवढाच काय तो फरक! त्याच सुमारास वारणाकाठी ऊस वाढत होता. शेजारी वारणानगरचा साखर कारखाना उभा राहिला. पाणी पोचले तिथला जोंधळा मागे हटला. उसात राबणारा मजूर ऊस खाऊन तर जगत नाही, धान्य त्याला विकतच घ्यावे लागते. मग रेशनचा तांदूळ रोजचा झाला. काल सणाला मिळणारा भात रोज मिळू लागला याचा आनंद आपल्या आयांना झाला, आणि तो खोटा नव्हता. भाताला हसणाऱ्यांनी आधी त्याची वाट पाहून बघावी.

आता विषाचे बोलू. भाताचे खाचर पाण्याने तुंबलेले असते. तशा जमिनीत हवा उरत नाही. लोहाच्या कणांना चिकटून बसलेले आर्सेनिक सुटते आणि पाण्यात उतरते. भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषते, त्याच वाटेने आर्सेनिकही आत घेते. कोरडवाहू जोंधळ्याच्या आणि उतारावरच्या नाचणीच्या मुळाशी असे पाणी तुंबत नाही. पश्चिम बंगालमध्ये 1983 च्या सुमारास कलकत्त्याचे डॉ. के. सी. साहा यांनी कूपनलिकांचे पाणी पिणाऱ्या खेडुतांच्या कातडीवरचे डाग ओळखले. त्याच पाण्यावर पुढे भातही भिजत राहिला. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातल्या विहिरींतही हे विष सापडले आहे. आपला काळा पाषाण बंगालच्या गाळाहून वेगळा, हे खरे. पण रेशनचे पोते कुठल्या खाचरातून आले हे पोत्याकडे बघून कळत नाही. 2014 साली कोडेक्स या जागतिक अन्नमानक मंडळाने सडलेल्या तांदळासाठी किलोला 0.2 मिलिग्रॅम अकार्बनी आर्सेनिकची मर्यादा घातली. दोन वेळा भातच खाणाऱ्या घराचा हिशेब आठवड्यातून दोनदा भात खाणाऱ्या घरापेक्षा निराळा, आणि अंगणातल्या लहान पोराचा त्याहून निराळा, कारण वजनाच्या मानाने त्याच्या पोटात भात जास्त जातो.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञ सांगतात की भरपूर पाण्यात भात शिजवून वरचे पाणी ओतून द्या. त्याने अकार्बनी आर्सेनिक निम्म्याच्या आसपास कमी होते. मला हसू आले. भात वेळायची रीत आपल्याकडे होतीच, कुकरने ती मोडली. पण वेळलेले पाणी जायचे कुठे? ती पेज. ती गड्याला मिळे, बाळंतिणीला मिळे, तान्ह्या पोराला मिळे. आमच्या आजीने कितीतरी दिवस नुसत्या पेजेवर काढले. म्हणजे ताटातून निघालेले विष ज्याला ताट नव्हते त्याच्या वाटीत! विषाचीही वाटणी उतरंडीने. शिवाय पेजेबरोबर जीवनसत्त्वेही जातात. 2020 साली इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाने एक मधली वाट सांगितली. तांदूळ उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावा, ते पाणी फेकावे, मग नवे बेताचे पाणी घालून मंद आचेवर आटवावे. पॉलिशच्या तांदळातले जवळपास तीन-चतुर्थांश आर्सेनिक याने जाते, पोषण बरेच टिकते. पाणी स्वच्छ हवे, ही अट. आणि ते पहिले पाणी कुणालाही प्यायला द्यायचे नाही. हातसडीचा तांदूळ आरोग्याचा म्हणून महाग विकतात, पण आर्सेनिक कोंड्यातच अधिक साचते हेही सांगावे.

खरा उपाय ताट बदलण्याचा. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पोराला तांदळाच्या पेजेऐवजी नाचणीचे सत्त्व द्यावे, दोन वेळच्या भातातली एक वेळ भाकरीची करावी. सांगायला सोपे. पण जिच्या काळ्या भाकरीवरून आपल्याला शाळेत चिडवले गेले ती नाचणी आज ‘श्रीअन्न’ झाली आहे. 2023 हे तिचे आंतरराष्ट्रीय वर्षही झाले. शहरातल्या दुकानात ती सुबक पुडीत बसते आणि मजुराच्या खिशाबाहेर जाते.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असे दर लिहिले होते. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झाले. पण पोते उघडले की बहुधा तांदूळ आणि गहूच. डोंगरात नाचणी पिकते, कोल्हापुरात शेंडा पार्कात तिच्यावर संशोधन होते, कायद्यात तिला जागा आहे. तरी ती रेशनच्या काट्यावर चढत नाही. ग्रामसभेत रेशनचा विषय निघतो तो धान्य किती आले आणि काट्यात किती मारले एवढ्यापुरता. कोणते आले, हे विचारणारा पहिला ठराव कोडोलीच्या ग्रामसभेत मांडता येईल.