परत पाठवणारं कोर्ट, घरात ठेवणारं कोर्ट

इंदापूर-बारामती भागात एखादी मुलगी मार खाऊन माहेरी आली, की आपल्याकडे पहिली बैठक जमातीची बसते. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, जमलं तर मौलाना. समजूत निघते, मुलगी परत जाते. पुन्हा तशीच आली, की विषय थेट तलाक किंवा खुल्यावर येतो. निकाह शाबूत ठेवून मार थांबवायचा आणि डोक्यावरचं छप्परही टिकवायचं, असा एक रस्ता कोर्टात आहे, हे सांगणारा त्या बैठकीत क्वचितच असतो. ‘तो कायदा आपल्याला लागू नाही’ असं ठासून सांगणारा मात्र एक तरी निघतो.

खरं तर ब्रिटिश अमदानीत कोर्टाचा हुकूम बाईला घरी परत पाठवण्यासाठीच निघायचा. रखमाबाईंचा खटला महाराष्ट्राला माहीत आहे. १८८७ साली मुंबई हायकोर्टाने त्यांना सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली आणि १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

त्याच्या वीस वर्षं आधी असाच एक दावा मुस्लिम दांपत्याचा होता, त्याची आठवण आपल्यात कुणी काढत नाही. मुन्शी बुजलूर रहीम विरुद्ध शमसुन्निसा बेगम, प्रिव्ही कौन्सिल, १८६७. बेगमचे सरकारी कर्जरोखे नवऱ्याच्या हाती गेले होते. ती घर सोडून निघाली. तिने रोख्यांसाठी दावा लावला, त्याने तिच्यासाठी. कौन्सिलने म्हटलं, मुस्लिम नवऱ्यालाही पत्नीला परत मागण्याचा दावा लावता येईल, पण गंभीर क्रौर्य असेल तर कोर्ट तिला परत पाठवणार नाही. म्हणजे क्रौर्य सिद्ध झालं तरी बाईच्या पदरात काय पडणार? फक्त परत न जाण्याची मुभा. राहायचं कुठे, हा प्रश्न तिचा तिने सोडवायचा.

१९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने एक पाऊल पुढे टाकलं. त्यामागे उलेमाच होते, हे आज शरियतचा हवाला देणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. हनफी फिकहात बाईला सुटकेची वाट इतकी अरुंद होती, की पंजाबात काही बायका निकाह मोडण्यासाठी धर्मच सोडू लागल्या. मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी मताचा आधार घेऊन १९३१ साली त्यावर तोड सुचवली. पुढे काझमींनी विधेयक आणलं. नेहमीची मारहाण तर सोडाच, वागणुकीने जगणं असह्य करणं आणि तिच्या मालमत्तेवर हात टाकणं, हेसुद्धा त्या कायद्यात क्रौर्यात धरलं आहे. पण पदरात पडतो तो घटस्फोटच.

ही तक्रार काही नवी नव्हे. सुनन अबू दाऊदमध्ये हबीबा बिन्ते सहल यांची हकीकत आहे. नवऱ्याने मारून हाड मोडलं, तशी ती सकाळी पैगंबरांच्या दारी आली. ‘जरा जुळवून घे’ असं सांगून तिला परत पाठवलं गेलं नाही.

शाहबानोचा खटला सगळ्यांना पोटगीसाठी आठवतो. २५ रुपये, मग १७९ रुपये २० पैसे, मग १९८५चा निकाल आणि त्यावरचं राजकारण. मला त्यातली एक वेगळी तारीख महत्त्वाची वाटते. इंदूरमधल्या त्या घरातून तिला बाहेर काढलं गेलं १९७५ साली आणि तलाक दिला गेला नोव्हेंबर १९७८मध्ये. मधली तीन वर्षं ती कायद्याने पत्नी होती आणि तरीही घराबाहेर होती. मला घरात घ्या, असा हुकूम मागण्याची सोपी सोय तिच्यापुढे नव्हती. आपण दोन्ही बाजूंनी तलाकवर इतकं भांडलो, की घराचा मुद्दा त्या गोंगाटात बुडाला.

१९८३मध्ये ४९८-अ कलम आलं. त्यात नवऱ्याला तुरुंग होऊ शकतो, पण बाईला खोली मिळत नाही. ती सोय झाली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ने. तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. त्यात धर्माची अट नाही. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला हिंसा करू नको, तिच्याशी संपर्क साधू नको असं बजावू शकतात, तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतात, प्रसंगी त्यालाच घर सोडायला लावू शकतात किंवा वेगळ्या जागेचं भाडं द्यायला सांगू शकतात. खर्चाची रक्कम आणि स्त्रीधन परत देण्याचा हुकूमही निघतो. शमसुन्निसाला रोख्यांसाठी वेगळा दावा लावावा लागला होता. इथे एकाच अर्जात सगळं मागता येतं. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पुढचे दोन निकाल आपल्या घरांसाठी महत्त्वाचे आहेत. मुंबईच्या एका मुस्लिम महिलेच्या प्रकरणात नवऱ्याचं म्हणणं होतं, खुला झाला, आता हा कायदा कशाला? १८ सप्टेंबर २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, संसार चालू असताना झालेल्या हिंसेची दाद त्यानंतरही मागता येते. आणि ‘घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध’ हे वाक्य १५ ऑक्टोबर २०२०च्या निकालाने कमजोर झालं. सून त्या घरात नांदली असेल, तर ते सासऱ्याचं असूनही तिला राहण्याचा हक्क मागता येतो.

मुंब्रा-कोंढव्यात दिलेली मुलगी इंदापूरला माहेरी आली असेल, तर तिला सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही अर्ज चालतो, म्हणजे इंदापूरच्या कोर्टात. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेटही देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगायला नको. म्हणून अंतरिम आदेश अर्जासोबतच मागावा. प्रतिज्ञापत्रावर तो एकतर्फीही मिळू शकतो. निकाहनाम्याची नक्कल, दवाखान्याचे कागद, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत जवळ असावी. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावं. मोफत वकील मागताना बाईला उत्पन्नाची अट नाही.