‘हंयमन’ : दानपत्रातील एक संबोध्य

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत, दान ज्यांना कळवायचे त्यांच्या यादीत ‘हंयमननगरपौरत्रिवर्ग’ असा समास पुनःपुन्हा येतो. कुठे ‘हंजमन’ असाही पाठ आहे. दानपत्राचा हा भाग शोभेचा नव्हे. दान ज्यांना विदित केले, त्यांच्या समक्ष ते सिद्ध होई. तेव्हा या यादीत कोण उभे आहे, हा प्रश्न कायद्याचा आहे. आणि त्याचे उत्तर मात्र समासाच्या विग्रहावर अवलंबून आहे.

१८८२ च्या ठाणे गॅझेटिअरने ‘हंजमन’ म्हणजे संजाण असे धरले. ‘हंयमन नावाच्या नगरातील पौर’ हा विग्रह व्याकरणाला धरून आहे. अडचण उभी केली ती चिंचणीच्या ताम्रपटांनी. शके ९५६ (इ. स. १०३४) मध्ये शिलाहार छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज याने संजाणच्या कौतुक-मठिकेला एक तेलाचा घाणा दिला. देवीपुढील दिव्याला आणि मठिकेत येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायला तेल मिळावे, हा हेतू. या पटात संजाणचे नाव ‘संयान’ असे आहे आणि ‘हंयमन’ वेगळे आहे. एका गावाला एकाच लेखात दोन नावे कशाला? ‘हंयमन’ हे मध्य फारसीतील ‘हंजमन’, म्हणजे सभा, आजचे ‘अंजुमन’, असे मानले की कोडे सुटते. मग समास तत्पुरुष न राहता द्वंद्व होतो आणि पारशांचा समुदाय नगर, पौर व त्रिवर्ग यांच्या पंक्तीला स्वतंत्रपणे येऊन बसतो. पहिल्या विग्रहाने तो पुसला गेला होता.

तरीही ‘हंयमन म्हणजे पारशी’ असे समीकरण मांडून थांबता येत नाही. त्याच पटाच्या यादीत अल्लिय, महर, मधुमत ही नावे आहेत. चिंचणीच्याच शके ८४८ (इ. स. ९२६) च्या राष्ट्रकूट पटात संयान-मंडलाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी ‘मधुमति’ या नावाने येतो, ते ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप. अल्लिय म्हणजे अली हेही उघड आहे. म्हणून माझ्या मते बंदरातील परदेशी मूळ असलेल्या रहिवाशांची सभा असा काहीसा व्यापक अर्थ येथे अधिक संभवतो.

लेखकाने मधुमतीला संस्कृत वेष चढवला, हंयमनाला मात्र चढवला नाही. वास्तविक त्याच धातूचे ‘संगमन’ हे सख्खे रूप संस्कृतात तयार होते. परंतु संबोध्य स्वतःला ज्या नावाने ओळखत, तेच पत्रात येणे आवश्यक होते.