तमाशातील नर्तकी : चाकण-नारायणगाव परिसर

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातून चाकणमार्गे उत्तरेस जाणारा पुणे-नाशिक रस्ता तमाशाच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. चाकणपासून सु. ४५ किमी. वरील नारायणगाव (ता. जुन्नर) हे ढोलकी-फडाच्या तमाशाचे प्रमुख केंद्र असून, त्याच रस्त्यावर पुढे संगमनेर तालुक्यात हिवरगाव पावसा हे पवळाबाईंचे गाव लागते.

पूर्वी तमाशात नृत्य व स्त्रीभूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. त्याची जागा स्त्रीने घेतली, त्याचा आरंभ बहुधा पवळाबाई हिवरगावकरीण (१८७०–१९३९) यांच्यापासून मानला जातो. महार समाजातील पवळाबाई आणि ब्राह्मण कुळातील शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांचा फड मुंबईपर्यंत गाजला. फडापुरता जातिभेद गळून पडला. फडाबाहेर बापूरावांना बहिष्कारच सोसावा लागला. महाडच्या सत्याग्रहाच्या (१९२७) निधीसाठी त्यांनी तमाशाच्या प्रयोगांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांना नको होता. नृत्याने या स्त्रियांना उपजीविका व नावलौकिक दिला हे खरे. पण तो कोणत्या अटींवर दिला, या प्रश्नाची अशी रोखठोक मांडणी त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर घातलेल्या बंदीमागची दृष्टी वेगळी होती : तिला अश्लीलता दिसली, जात दिसली नाही. कलावंतांच्या विरोधानंतर ती बंदी उठली.

विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) या भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडाच्या परंपरेत वाढल्या. नृत्य, गायन व अभिनय या तिन्हींवर प्रभुत्व असलेल्या विठाबाई पुढे स्वतःच्या नावाच्या फडाच्या मालकीण झाल्या. नर्तकीने वेतन घेण्याऐवजी ते द्यावे, हा बदल लहान नव्हे. भर प्रयोगात पडद्यामागे प्रसूत होऊन त्या पुन्हा बोर्डावर आल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. ती कौतुकाने सांगितली जाते, वस्तुतः ती कामाच्या कठोरपणाची साक्ष होय. १९५७ व १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. अखेरचे दिवस मात्र विवंचनेत गेले. तमाशा क्षेत्रासाठी राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आता त्यांच्याच नावाने दिला जातो.

पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने पुढे परिसरातील शेतजमिनी संपादन केल्या. शेते गेली, तरी ग्रामदैवतांच्या यात्रा टिकून राहिल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपारी ठरवितात आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत फड फिरत राहतात. या थोड्या आठवड्यांवर फडांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये यात्रा बंद राहिल्या, तेव्हा राहुट्या लागल्या नाहीत आणि फडांतील स्त्री-पुरुष कलावंतांना मोलमजुरी शोधावी लागली.