कुर्बानीचे गोश्त, तीन दिवस आणि फ्रीझर

ईद-उल-अजहानंतरच्या तीन दिवसांना, म्हणजे जिलहिज्जच्या ११, १२ आणि १३ तारखांना, 'अय्याम-ए-तश्रीक' म्हणतात. 'तश्रीक' या अरबी शब्दाचा एक प्रचलित अर्थ आहे, गोश्ताच्या पट्ट्या कापून उन्हात वाळत घालणे. म्हणजे कुर्बानीचे मटण टिकवायचे कसे, हा प्रश्न या सणाइतकाच जुना आहे. तो थेट दिवसांच्या नावातच येऊन बसला आहे. आज त्याचे उत्तर आपण फ्रीझरचे दार उघडून देतो. पण मूळ प्रश्न फक्त टिकवण्याचा नव्हता. किती टिकवायचे आणि कोणासाठी, हाही होता.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत यासंबंधी एक प्रसंग येतो. एका वर्षी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुर्बानीचे गोश्त तीन दिवसांहून जास्त घरात ठेवण्यास मनाई केली. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले, यंदाही तसेच करायचे का? तेव्हा त्यांनी खा, वाटा आणि साठवाही, अशी परवानगी दिली. कारणही सांगितले. आदल्या वर्षी लोक हलाखीत होते आणि गरजू भटक्या टोळ्या मदिनेत आल्या होत्या. त्यांच्यापर्यंत गोश्त पोहोचावे म्हणून ती मनाई होती.

हा प्रसंग नीट वाचला तर साठवण्याला विरोध कुठेच दिसत नाही. हजहून मदिनेला परतताना सहाबा हे गोश्त प्रवासाची शिदोरी म्हणून सोबत नेत, असेही हदीसमध्ये आले आहे. दाराशी भूक उभी असताना मात्र साठवण मागे आणि वाटप पुढे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे कुर्बानीचे तीन हिस्से करतात. एक घरचा, एक नातेवाईक-मित्रांचा, एक गरिबांचा. ही वाटणी सक्तीची नाही, पसंतीची मानली जाते. तरी शेकडो वर्षे ती टिकली, याला नियतीबरोबरच ऊनही कारण होते. मीठ-हळद लावून वाळवले तरी किती वाळवणार? उरलेले वाटावेच लागे.

गारवा ही तेव्हा श्रीमंतांची चीज होती. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजल सांगतो की अकबराच्या दरबारात सोरा वापरून पाणी गार केले जाई. दरबार पंजाबात गेल्यावर, १५८६ च्या सुमारास, डोंगरातला बर्फ होड्या, गाड्या आणि हमालांकरवी लाहोरला येऊ लागला. उन्हाळ्यात सगळेच तो घेत, वर्षभर मात्र फक्त अमीर-उमराव.

पुढे हाच बर्फ व्यापाराचा माल झाला. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर तिथल्या तळ्यांवरचा बर्फ कापून भुशात गुंडाळून जहाजाने पाठवू लागला. १८३३ मध्ये तो कलकत्त्याला पोहोचला आणि लवकरच मुंबईतही आला. सर जमशेदजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, पाहुण्यांना आणि यजमानांना सर्दी झाली आणि त्यावर वर्तमानपत्राने टोमणा मारला, असा किस्सा सांगितला जातो. तोवर बर्फ होता तो सरबतासाठी. त्यात महिनोन्महिने अन्न टिकवणे कुणाच्या गावीही नव्हते.

ती वाट दाखवली उत्तरेकडच्या इनुइट लोकांनी. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन १९१२ नंतर काही वर्षे कॅनडातील लॅब्राडोरला राहिला. तिथे कडाक्याच्या थंडीत पकडलेला मासा जागच्या जागी गोठे आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. अन्न हळू गोठले की त्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात आणि वितळताना सगळा रस गळून जातो. झटपट गोठले तर स्फटिक बारीक राहतात. या तत्त्वावर त्याने यंत्र बनवले. ६ मार्च १९३० रोजी अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेले मांस, मासे आणि भाज्या विक्रीला आल्या. घरगुती फ्रीझर दुसऱ्या महायुद्धानंतर पसरला.

या शोधाचा एक मोठा उपयोग मिनात झाला. हजला येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तशी तिथल्या कुर्बानीतील बरीच जनावरे खाणारे कुणी नसल्याने पुरावी किंवा जाळावी लागत. १९८३ मध्ये इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेच्या व्यवस्थापनाखाली सौदी प्रकल्प सुरू झाला. हाजी कूपन घेतात, कुर्बानी कत्तलखान्यात होते, आधी हरम परिसरातल्या गरिबांना वाटप होते आणि उरलेले गोश्त गोठवून बांगलादेशासह आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत जाते. तीन दिवसांच्या मनाईमागे जो हेतू होता, तोच इथे फ्रीझरने पुरा केला. गारव्यामुळे गरिबाचा हिस्सा त्याच्या देशापर्यंत पोहोचला.

आपल्या घरात मात्र तेच यंत्र उलटेही चालू शकते. पूर्वी ऊन सांगायचे की आता वाटा. फ्रीझर तसे सांगत नाही. पिशव्या तळाशी जातात, त्यांवर बर्फ चढतो, आत काय आहे ते कुणाला आठवत नाही आणि रमजानच्या साफसफाईत त्या कचऱ्यात जातात. मिनातली नासाडी थांबवणाऱ्या यंत्रातूनच ही नासाडी होते. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वाटप, मग फ्रीझर. जे ठेवायचे ते ताजे, गरम असताना थेट गोठवू नये, मटण निबर होते. एक दिवस फ्रीजमध्ये गार होऊ द्यावे. मग एका वेळच्या सालनापुरत्या चपट्या पिशव्या करून, हवा काढून, तारीख लिहून ठेवाव्यात. चपटी पिशवी लवकर गोठते. बर्ड्सआयचे तत्त्व घरात एवढेच लागू पडते. सगळ्या पिशव्या एकदम कोंबल्या तर फ्रीझरच गरम होतो. उणे १८ अंशांवर जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात, त्यामुळे वितळवायचे तेही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. कीमा आणि कलेजी तीन-चार महिन्यांत संपवावी. मोठे तुकडे त्याहून जास्त टिकतात.

तारीख लिहिलेली पिशवी आणखी एक काम करते. मोहरम उलटला तरी ती तशीच असेल, तर ती आपल्या गरजेची नव्हती हे कळते. गोश्त चांगले असतानाच ते शिजवून कुणाच्या तरी घरी पोहोचवता येते. तीन दिवसांची मुदत आता कुणी घालत नाही. ती आपली आपणच घालायची आहे.