रुळांवरून पायी माथेरान

आमची १९९० ची दहावीची तुकडी. १९८९ च्या डिसेंबरात आपली सहल माथेरानला गेली होती, हे त्या वेळच्या सर-बाईंना आठवत असेल. उरणहून एसटीने नेरळ आणि तिथून छोट्या गाडीने वर. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा तो पहिलाच रेल्वेप्रवास होता. वर्गातला एक जण मात्र आला नव्हता. ताप आला, असं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि आम्हीही ते खरं मानलं.

पुढे बत्तीस वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरात, आम्ही सात जण त्याच वाटेने पुन्हा गेलो, पण पायी. २०१९ च्या पावसात मार्ग जागोजागी वाहून गेल्यामुळे नेरळ ते अमन लॉज गाडी बंद होती. त्या दिवशी तोही बरोबर होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहू नकोस असं त्याने बजावलंय, आणि वर्गाला ते सांगायची गरजही नाही. दहावीनंतर तो रेल्वेत गँगमन म्हणून लागला आणि आयुष्यभर रुळांवर चालला. "गाडी चालू असती तर तुमच्यापैकी एकालाही इथे पाय ठेवू दिला नसता," हे त्याचं पहिलं वाक्य.

जुम्मापट्टीला गाड्या ठेवून आम्ही निघालो. आधी या मार्गाचा इतिहास थोडक्यात सांगतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये आपल्या पनवेलजवळच्या चौक गावाहून डोंगर चढून गेले आणि माथेरानची थंड हवा मुंबईच्या साहेबलोकांना कळली. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं वर जायचं ते घोड्यावर, पालखीत किंवा स्वतःच्या पायांनी. मुंबईचे धनिक सर आदमजी पीरभॉय यांना एकदा नेरळला उतरल्यावर वर जायला वाहनच मिळालं नाही आणि त्यातून रेल्वेची कल्पना निघाली, अशी गोष्ट सांगितली जाते. पैसा त्यांचा. काम उभं केलं ते त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०४ मध्ये सुरुवात झाली आणि १९०७ च्या मार्चमध्ये गाडी वर पोहोचली. खर्च सोळा लाख रुपये. सल्लागार होते बार्शी लाइट रेल्वेवाले एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट. एवढा अरुंद मार्ग का, हे चालताना कळतं. रुळ जितके जवळ, तितकं वळण आखूड घेता येतं आणि डोंगर कमी फोडावा लागतो. बोरघाटात रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. इथे तो वीस फुटांना एक फूट आहे. गाडी घोड्याच्या नालासारखी वळणं घेत चढते. त्यामुळे तासभर चाललो तरी मघाचंच ठिकाण पायाखाली, हाकेच्या अंतरावर दिसत होतं. वीसेक किलोमीटरच्या मार्गावर बोगदा एकच.

आम्ही दऱ्या बघत होतो आणि हा खाली बघत होता. एका वळणावर थांबून त्याने बाहेरचा रूळ दाखवला. आतल्यापेक्षा तो थोडा उंच बसवलेला होता. गाडी बाहेरच्या अंगाला रेटते म्हणून. चाकं घासून त्याची कड झिजली होती. पुढे एका मोरीशी तो बराच वेळ उकिडवा बसला. दगड आणि पालापाचोळ्याने ती गच्च भरली होती. "रुळाचा वैरी गाडी नाही, पाणी," तो म्हणाला. मोरी तुंबली की पाणी रुळांवर चढतं, खडी नेतं, मग खालची माती नेतं. शेवटी रूळ आणि स्लीपर तेवढे शिडीसारखे हवेत लोंबकळत राहतात. थोडं पुढे तसंच दृश्य होतं. तिथे आम्ही एकमेकांचा हात धरून वरच्या अंगाने गेलो.

२६ जुलै २००५ च्या पावसाने हेच केलं होतं. तेव्हा गाडी सुरू व्हायला २००७ उजाडलं, म्हणजे मार्गाचं शंभरावं वर्ष. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरल्याने ती पुन्हा थांबली आणि २०१९ मध्ये पावसाने तिसऱ्यांदा अडवलं. पुस्तकात पीरभॉय पितापुत्रांचं नाव येतं, आणि यायलाच हवं. पण तीन वर्षांत बांधलेला हा मार्ग शंभराहून अधिक वर्षं डोंगराला धरून राहिला तो दर पावसाळ्याआधी मोऱ्या उपसणाऱ्यांमुळे. त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

दोन वर्षांत जंगलाने मार्ग बराच झाकला होता. स्लीपरांमधून गवत, कडेला करवंदीच्या जाळ्या, वर माकडं. तरी वाट मोडली नव्हती. पायथ्याच्या वाड्यांवरच्या ठाकर, कातकरी बायका डोक्यावर ओझं घेऊन भरभर पुढे निघून जात होत्या.

वॉटर पाईप स्टेशनवर डबे सोडले, तेव्हा कुणीतरी १९८९ च्या सहलीचा विषय काढला. तो सहज म्हणाला, "ताप नव्हता रे. वर्गणी नव्हती. बाबा मिठागरावर होते आणि त्या महिन्यात मजुरी थकली होती." कुणाला काही बोलता आलं नाही. आम्ही चाळीस-पंचेचाळीस जण होतो. रुपया-रुपया काढला असता तरी भागलं असतं. पण कुणी विचारलंच नव्हतं. त्यानेच मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्यात ठेवला आणि म्हणाला, "चल, ऊन चढतंय."

मार्ग दुरुस्त होऊन २२ ऑक्टोबर २०२२ ला गाडी पुन्हा नेरळहून सुटली. १२ जानेवारी २०२४ ला आपल्या उरणलाही लोकल आली. या स्नेहमेळाव्यानंतर सगळ्यांनी मिळून माथेरानला जायचं ठरलं आहे, या वेळी गाडीत बसून. त्याची वर्गणी आपण भरू, असं मी सुचवलं, तर फोनवर हसला. म्हणाला, "माझं तिकीट मीच काढणार. फक्त मला खिडकी ठेवा, मोऱ्या बघायच्यात."