72 इंचांची भिंत

जुन्या शिकागोत भिंतीच्या जाडीचा हिशेब सोपा होता. सर्वांत वर 12 इंच, मग खाली उतरताना दर मजल्याला आणखी 4. सोळा मजले धरा : बारा अधिक पंधरा चोक साठ, बहात्तर. 1891 साली पुऱ्या झालेल्या मोनॅडनॉक इमारतीच्या उत्तरेकडच्या भागाची भिंत तळाशी तेवढीच, सहा फूट जाड आहे. नोकरीभर मी लोड-बेअरिंग, म्हणजे भिंतींवर भार पेलणाऱ्या घरांची अंदाजपत्रकं तपासली. एवढं वीटकाम कुणी मांडलं असतं, तर कागद शेरा मारून परत पाठवला असता.

पर्याय नव्हता असं नाही; आर्किटेक्ट जेनीची लोखंडी सांगाड्याची होम इन्शुरन्स इमारत तर 1885 सालीच त्याच गावात उभी होती. मोनॅडनॉकच्याही आत लोखंड आहेच, वाऱ्याला तोंड द्यायला खास जोडणीही आहे. बाहेरचा भार मात्र विटेवर.

पैसा बॉस्टनच्या ब्रुक्स बंधूंचा. त्यांतले पीटर हिशेबी गृहस्थ. नक्षी नको, पुढे आलेलं काही नको, त्यावर धूळ साचते नि कबुतरं बसतात, ही त्यांची तक्रार. आर्किटेक्ट जॉन रूट नक्षीकामात मुरलेला. तो रजेवर असताना भागीदार बर्नहॅमनं साधी, सपाट रेखाटनं करून घेतली, रूट आधी चिडला, मग त्याच कामात रमला, असं सांगतात. मला हे पटतं, कारण भिंतच तशी आहे. तळाशी ती किंचित पसरते, माथ्याशी पुन्हा बाहेर झुकते आणि कोपऱ्याची धार वर जाताना हळूहळू तासली जाते. या वळणांसाठी विटा मुद्दाम साच्यातून काढाव्या लागल्या. कंजूष मालकानं आर्किटेक्टचं भलं केलं, असं फार क्वचित होतं.

इमारत पुरी व्हायच्या आधीच, जानेवारी 1891 मध्ये, रूट न्यूमोनियानं गेला. वय 41.

खाली शिकागोची मऊ चिकणमाती. इमारत 8 इंच खचेल हे धरूनच पाया घातला होता. 1948 पर्यंत ती 20 इंच खचली, आणि रस्त्यावरून आत जाताना पायरी उतरावी लागू लागली. 1893 साली तिला लागूनच होलाबर्ड आणि रोश या आर्किटेक्टांनी दक्षिणेचा निम्मा भाग बांधला, पोलादी सांगाड्यावर. तिथे भिंती पातळ, खिडक्या मोठ्या, भाड्यानं द्यायला जागा जास्त. वर ठसठशीत, पुढे आलेली कॉर्निससुद्धा आहे. कबुतरांचा मुद्दा बहुधा मागे पडला असावा.